कांडेचोराचा ताबा

माळ्याला पडलेलं एक भोक बुजवायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी निरीक्षकांनी सोमवारची एक किरकोळ रजा टाकली, आणि एका भोकापायी अख्खी रजा म्हणजे जरा उधळपट्टीच झाली, असं त्यांना स्वतःलाही वाटून गेलं. पुढे त्या भोकाने आणखी तीन रजा खाल्ल्या, दारात पोलीस आणले, गल्लीत नाव घालवलं, आणि बुजवलेलं ते भोक निरीक्षकांनीच स्वतःच्या हाताने पुन्हा पाडलं. पण एकेक सांगायला हवं.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. बाजारातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, आणि कोणाचं माप कमी भरलं तर ते जप्त करायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्या दुकानातला शेंगदाणासुद्धा उचलून तोंडात टाकला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. बायको सांगायची, आणि तीही काही कौतुकाने नाही.

घर दुमजली. खाली एकट्या काकू राहायच्या, वर निरीक्षक, बायको आणि पंधरा वर्षांची लेक. स्वयंपाकघराच्या वर माळा, आणि माळ्याच्या भिंतीला छपराखाली वीतभर भोक. महिनाभर तिथून खुडबुड ऐकू येत होती. काकूंचं मत पडलं, घूस. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, पारवे, कारण त्यांच्या बहिणीकडे पारवेच निघाले होते. एकटी लेक म्हणाली की, कोण राहतंय ते आधी बघू आणि मग ठरवू. तोवर कोणी हातोडी उचलायची नाही.

या लेकीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गल्लीत तिला ‘डॉक्टरीण’ म्हणत. घरातल्या बादलीत बेडूक सापडला, तर बादली बदलायची, बेडूक नाही, हा तिने घातलेला नियम होता. पंख मोडलेल्या एका कबुतराने तिच्या कृपेने महिनाभर निरीक्षकांच्या ऑफिसच्या पिशवीत मुक्काम केला होता, आणि निरीक्षक तितके दिवस डबा हातात धरून ऑफिसला गेले होते. रद्दीच्या दुकानातून आणलेलं, मुखपृष्ठ हरवलेलं प्राणिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक तिच्या उशाशी असायचं. जेवताना ती कोणाला नखं आत ओढून घेता येतात आणि कोणाला नाही, याबद्दल बोलायची. बायको म्हणायची, जेवताना नको गं. निरीक्षक काही म्हणायचे नाहीत. त्यांना ऐकायला आवडायचं, पण बापाने असं लगेच दाखवायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

तर त्या सोमवारी लेक शाळेत गेली आणि निरीक्षकांनी सुताराला बोलावलं. मुद्दामच तेव्हा बोलावलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. सुतार अनुभवी होता. म्हणाला, आत कोण आहे ते बघत बसायचं नसतं साहेब, फळी मारली की प्रश्न मिटला. त्याने भोकाच्या कडेला हातोडीचा पहिला ठोका घातला मात्र, आतून एक काळपट, लांब शेपटीचं काहीतरी सुसाट बाहेर पडलं, भिंतीवरून बदामाच्या झाडावर गेलं आणि दिसेनासं झालं. सुतार म्हणाला, बघा, घूसच होती, तोंडात काहीतरी धरून पळाली. मग त्याने फळी ठोकली, वरून पत्रा मारला, आणि निरीक्षकांनी त्या दिवशी दुपारची झोप फार समाधानाने घेतली.

मंगळवारी सकाळी माळ्यावरून आवाज आला. बारीक, चिरका, मधूनच थांबणारा. आणि त्याबरोबर वास, उत्तम सुवासिक तांदळाचा भात नुकता उतरवून ठेवल्यासारखा.

हा वास नवा नव्हता. गेले पंधरा दिवस काकू खालून विचारत होत्या, आज कुठला तांदूळ लावलाय? बायकोला त्याचा राग यायचा. घरात साधा तांदूळ, आणि सकाळी दहा वाजता भात शिजवायला काय वेड लागलंय, असं ती म्हणायची. काकूंना वाटायचं, ही लपवतेय. त्यावरून दोघींत थोडं ताणलंही होतं.

लेक शिडी लावून वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात निरीक्षकांचे ऑफिसचे मोजे होते, दोन्ही हातांत घातलेले, आणि त्या मोज्यांत एक पिल्लू होतं. करडं, ओलसर डोळ्यांचं, अंगावर पुसट ठिपके. भाताचा वास त्याच्याच अंगाचा होता.

‘‘कांडेचोर आहे,’’ लेक म्हणाली. ‘‘उदमांजरसुद्धा म्हणतात. पंधरा दिवसांचं असेल. बाबा, काल सुतार आला होता ना?’’

आला होता, निरीक्षक म्हणाले. काहीतरी पळून गेलं, तोंडात काहीतरी होतं, हेही सांगितलं.

‘‘ती आई होती. तोंडात दुसरं पिल्लू होतं. एक नेऊन ठेवलं आणि दुसऱ्यासाठी परत आली असणार. तोवर तुम्ही दार लावून घेतलं होतं.’’

ती रडली असती तर बरं झालं असतं, निरीक्षकांनी समजूत काढली असती. पण ती रडली नाही. तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि ते सांगतील ते वहीत उतरवून घेतलं. गाईचं दूध द्यायचं नाही. पिल्लांसाठीचं पावडरचं दूध ड्रॉपरने, मोजून. ऊब द्यायची, हाताळायचं कमीत कमी. भोक उघडायचं, पिल्लू खोक्यात घालून जिथे होतं तिथेच ठेवायचं, आणि अंधार पडला की तिथून माणसांनी निघून जायचं. आई दोन रात्री वाट बघेल, फार तर तीन. नाही आली, तर पिल्लू वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात आणून द्यायचं. तिथे ते जगेल, पण माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडता येत नाही. म्हणजे जन्मभर पिंजरा.

निरीक्षक उठले, हातोडी घेतली आणि फळी उचकटून काढली. सुताराने कधी नव्हे ते इतकं पक्कं काम केलं होतं की फळी निघायला दीड तास लागला, आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं.

मग वजनाचा प्रसंग झाला. डॉक्टरांनी रोज वजन घ्यायला सांगितलं होतं. लेकीने पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्याच्या ताटलीत ठेवलं आणि लिहिलं, एकशे शहाऐंशी ग्रॅम. निरीक्षकांना राहवलं नाही. कपाटातून त्यांनी स्वतःच्या मालकीचा, शिक्का मारलेला पितळी वजनांचा संच काढला, त्यातलं दोनशे ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलं. काट्याने दोनशे बारा दाखवले.

वजनमापे निरीक्षकाच्या स्वयंपाकघरातला काटा बारा ग्रॅमने खोटा. बायको म्हणाली, मी चार वर्षं सांगतेय की केक फुगत नाही. निरीक्षकांनी त्या काट्याकडे असं पाहिलं की दुकानदाराचा असता तर जागेवर जप्त झाला असता. मग त्यांनी लेकीच्या वहीत १८६ खोडून तिथे १७४ लिहिलं, आणि खोडलेल्या जागी सवयीने छोटी सही केली. त्या क्षणापासून वजन घेण्याचं काम त्यांचं झालं. कोणी दिलं नाही, त्यांनी घेतलं.

पण निरीक्षक हाडाचे सरकारी माणूस. वन्य प्राणी घरात असणं आणि तो कागदावर नसणं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी दुसरी रजा टाकली, वनखात्याला अर्ज लिहायला बसले, आणि इथे त्यांनी विचार करून एक चूक केली. विचार न करता केलेल्या चुका बऱ्या, त्या निदान लहान असतात. ‘उदमांजर’ लिहावं तर कारकून ‘मांजर’ एवढंच वाचेल आणि अर्ज नगरपालिकेच्या मोकाट मांजरांच्या खिडकीकडे ढकलेल, हे ते सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून जाणून होते. म्हणून त्यांनी पुस्तकातला दुसरा, नेमका, शंकेला जागा न ठेवणारा शब्द निवडला. विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘राहत्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या कांडेचोराबाबत.’

वनखात्याच्या कारकुनाने तो अर्ज चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला, आणि विचारलं की, तो अजून माळ्यावरच आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाला, मग इथे काय करताय? निरीक्षकांनी तो फार लहान असल्याचं सांगितलं. कारकून म्हणाला, लहान असला तर वेगळं कलम लागतं, पण खातं तेच. त्याने अर्जावर ‘पोलीस ठाण्याकडे वर्ग’ असा शिक्का मारला, आणि अर्ज वनखात्यात आलाच होता म्हणून रीतसर त्याला ताबा-पावतीचा कोरा नमुनाही जोडून दिला. निरीक्षक समजावून सांगणार, तेवढ्यात खिडकी बंद झाली. जेवणाची सुट्टी होती.

त्या संध्याकाळी खोकं माळ्यावर ठेवलं. दिवेलागण झाली तशी लेकीने स्वयंपाकघरातला दिवा घालवला, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, आणि सांगितलं की, आता उठायचं नाही. निरीक्षक बसले. पाऊण तास बसले. पण त्यांच्या मनाला टोचणी लागली होती, दार त्यांनीच लावून घेतलं होतं ना. पाणी प्यायच्या निमित्ताने ते आत गेले, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, आणि खिशातली बॅटरी लावून नुसतं बघितलं.

भोकाच्या तोंडाशी दोन डोळे चमकले. आणि लगेच विझले. बदामाच्या फांद्या हलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

निरीक्षक आनंदाने बाहेर आले. आली होती, म्हणाले, मी बघितली, अगदी भोकापर्यंत आली होती.

‘‘तुम्ही बघितलंत,’’ लेक म्हणाली. ‘‘म्हणजे तिनेही तुम्हाला बघितलं.’’

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. आई पुन्हा आली नाही. बुधवारी सकाळी वजन भरलं एकशे सहासष्ट. निरीक्षकांनी तीनदा केलं, वजनं पुसून केलं, खिडकी लावून वारा बंद करून केलं. एकशे सहासष्टच. आयुष्यात पहिल्यांदा काटा खोटा असावा असं त्यांना मनापासून वाटलं.

दहा वाजता हवालदार आले. हातात निरीक्षकांचाच अर्ज. त्यांनी दारात उभं राहून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली, ‘‘इसम नामे कांडेचोर, वय पंधरा दिवस.’’ इथे ते थांबले. म्हणाले, वर्षं लिहायचं राहिलं वाटतं. निरीक्षकांनी त्यांना घाईघाईने आत घेतलं आणि दार लावलं, आणि तीच दुसरी चूक झाली. उघड्या दारात बोललेलं गल्लीला अर्धं कळतं. बंद दारामागे बोललेलं सगळं कळतं.

आत लेकीने पुस्तक उघडून चित्र दाखवलं. हवालदार समंजस होते. त्यांनी चित्र पाहिलं, माळ्याकडे पाहिलं, दोनदा नाक ओढून, भात लावलाय का, असं विचारलं. पण अर्ज ठाण्यात नोंदला गेला होता, नोंदलेला अर्ज नुसता फाडता येत नाही, आणि चित्र बघून शेरा मारता येत नाही. प्राणी समक्ष दाखवा म्हणाले. लेक म्हणाली, आज नाही. आज वर कोणी जायचं नाही, माणसाचा वास नको, आवाज नको, आजची रात्र शेवटची आहे. हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग निरीक्षकांकडे. ठीक आहे म्हणाले. उद्या सकाळी येतो. तेव्हा एक तर तो दाखवा, नाहीतर कुणाच्या ताब्यात दिला ते या वनखात्याच्या नमुन्यावर सही-साक्षीनिशी लिहून द्या.

ते जिना उतरून गेले, आणि गल्लीने हिशेब मांडला. पंधरा दिवस निरीक्षकांच्या घरातून भारी तांदळाचा वास येतोय. बाई विचारलं तर नाही म्हणते. माळ्यावर रोज खुडबुड चालते. सुतार बोलावून माळा बंद करून घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. आणि आज पोलीस. निरीक्षक तर सगळ्या धान्यबाजारात फिरणारा माणूस. यात न समजण्यासारखं काय होतं?

दुपारी कोपऱ्यावरच्या वाण्याने हे गणित दुकानात उभ्याउभ्या सोडवून दिलं. गेल्याच महिन्यात निरीक्षकांनी त्याचा तराजू उचलून नेला होता, त्यामुळे त्याचा आवाज जरा जास्तच खुलला. आम्हाला ग्रॅमग्रॅमसाठी नाडायचं, म्हणाला, आणि स्वतः पोती चढवायची. साडेचारपर्यंत जिन्यात सातजण जमले. सगळ्यांत पुढे मास्तर, कारण भांडण सभ्यपणे करायचं असलं की त्यांना पुढे घालतात.

‘‘साहेब,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण लोक बोलतायत. आम्हाला एकदा माळा दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्यांची तोंडं बंद होतील.’’

आणि खरंच दोन मिनिटांचं काम होतं. शिडी लावलेली होती. खोक्याचं झाकण उचललं असतं, तर सव्वीस वर्षांची अब्रू जशीच्या तशी परत मिळाली असती. निरीक्षकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. आपल्याकडे, आपल्याकडे बोट दाखवतात म्हणजे काय? त्यांनी मागे वळून पाहिलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ‘नको’ म्हणाली नाही. मान हलवली नाही. दोन तासांनी अंधार पडणार होता, आणि सातजण माळ्यावर चढून उतरले तर आज कोणी येणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. ती नुसती उभी होती, आणि तिला वाटत होतं की बाबा दाखवणार. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

‘‘माळ्यावर तांदूळ आहे,’’ निरीक्षक म्हणाले. ‘‘आता जा सगळे.’’

जिन्यात कोणी हललं नाही. आरोप करणं वेगळं आणि समोरच्याने तो असा हातावर काढून देणं वेगळं. वाण्याचं तर तोंड उघडंच राहिलं, कारण तो स्वतःही हे खरं मानत नव्हता. मग एकेक करून माणसं खाली उतरली.

दार लावून बायकोने कडी घातली. अहो, हे काय बोलून बसलात, एवढंच म्हणत राहिली. लेक जवळ आली. कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली.

‘‘बाबा, तुम्ही खोटं बोललात.’’

‘‘सवय नाही,’’ निरीक्षक म्हणाले. ‘‘नीट जमलं का?’’

ती हसली नाही. पण पिशवी भरताना तिने त्यांचे मोजे धुऊन, घडी करून वर ठेवले.

पिशवी कशासाठी, तर कालचा अनुभव जमेस धरून लेकीने ठरवलं होतं की आज घरात कोणीच थांबायचं नाही. बाबांवर तिचा विश्वास नव्हता आणि स्वतःवरही नव्हता. तिने सरळ सांगितलं, मी घरात असले तर मी बघणार, मला राहवणार नाही. रानातलं जनावर पहिल्यांदाच इतक्या जवळ आलंय. म्हणून सगळ्यांनी मामाकडे जायचं. निरीक्षकांनी सुचवलं की निदान भोकाजवळ पीठ भुरभुरून ठेवू, म्हणजे पावलं उमटतील, पुरावा राहील. लेक म्हणाली, नव्या वासाने ती बिचकेल. निरीक्षकांनी पिठाचा डबा परत ठेवला. आपण काय सोडून देतोय हे त्यांना नीट कळत होतं. पिल्लू गेलं की गल्लीला दाखवायला काहीच उरणार नव्हतं.

राहता राहिला परसातला बल्ब. तो काकूंचा, रात्रभर जळायचा, आणि त्याचा उजेड थेट भोकावर पडायचा. बायको खाली गेली आणि चाचरत म्हणाली की, आजच्या दिवस तेवढा बल्ब बंद ठेवाल का, कारण विचारू नका. काकूंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, बंद कशाला, मी काढूनच ठेवते, मागचं फाटकही उघडं ठेवते, तुम्हाला काय न्यायचं ते निवांत नेऊन टाका. संसारात माणसाच्या हातून होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोने वर येऊन हे सांगितलं, तेव्हा निरीक्षकांना हसावं की रडावं कळेना. शेवटी ते हसले.

संध्याकाळी तिघं घराला कुलूप लावून निघाली. हातात पिशव्या, वेळ दिवेलागणीची, सकाळी पोलीस येऊन गेलेले. गल्लीत प्रत्येक खिडकीत माणूस होता. वाणी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पळून चालले, असं कोणी म्हणालं, ते निरीक्षकांना ऐकू गेलं. ते नेहमीपेक्षा सावकाश चालले, कारण भरभर चाललं तर ते खरं दिसलं असतं, आणि शिवाय लेकीने त्यांचा हात धरला होता. ती सात-आठ वर्षांची झाल्यापासून तिने असा हात धरला नव्हता.

त्या रात्री घरात काय झालं ते कोणालाच माहीत नाही.

सकाळी सहाला परत आले. काकू दारातच होत्या, हातात बल्ब. झालं ना सगळं व्यवस्थित, असं त्यांनी हळूच विचारलं, आणि मी कोणाला काही बोलले नाही हो, असंही सांगितलं. निरीक्षक म्हणाले, बघतो काकू. लेक एका वेळी दोन दोन पायऱ्या चढत वर गेली होती. ते पोचले तेव्हा ती माळ्यावर खोक्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. खोकं रिकामं होतं. फडकं होतं तसंच, जरासं एका बाजूला ओढलेलं. रक्ताचा डाग नाही, केसांचा पुंजका नाही. लेकीने फडक्यावर हात फिरवला, खोक्याची उंची वितीने मोजली, भोकाची कड निरखून पाहिली. मग म्हणाली की, पिल्लाला ही भिंत चढता येत नाही. बोक्याने नेलं असतं तर ओढाताण झाली असती, खूण राहिली असती. मानेला धरून अलगद उचललंय. आईने.

आणि मग ती रडली. भरपूर रडली, मोज्यांत तोंड खुपसून. निरीक्षक शिडीवर उभे होते, त्यांना वर जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

आठ वाजता हवालदार आले. रिकामं खोकं पाहून त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मग नमुना पुढे केला. निरीक्षकांनी पेन घेतलं. प्राण्याचा प्रकार, कांडेचोर. वजन, एकशे सहासष्ट ग्रॅम. इथवर सोपं होतं. ‘ताबा घेणाऱ्याचे नाव’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘आई’. सहीचा रकाना आला, तिथे रेघ मारली. हवालदार वाकून वाचत होते. त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. तिथे छापलेलं होतं, ‘वरील ताबा माझ्या समक्ष देण्यात आला. साक्षीदाराची सही.’

‘‘हे कोणी बघितलं?’’ हवालदारांनी विचारलं.

‘‘कोणीच नाही,’’ लेक म्हणाली.

‘‘एवढं सगळं केलंत, घर सोडून गेलात, आणि बघितलंसुद्धा नाही?’’

‘‘बघितलं असतं तर ती आली नसती.’’

हवालदार निरीक्षकांकडे वळले. नरमाईने म्हणाले, साहेब, तुम्हीही सरकारी माणूस. न बघितलेल्या गोष्टीवर तुम्ही तरी सही कराल का?

सव्वीस वर्षांत निरीक्षकांनी केली नव्हती. दुकानदारांनी देवाशपथ सांगितलं, पोराबाळांच्या शपथा घेतल्या, पण पारड्यात वजन टाकल्याशिवाय त्यांनी एका मापावर शिक्का मारला नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते, केसांना माळ्यावरचं जाळं लागलं होतं, आणि तिला जे आयुष्यात सगळ्यांत जास्त बघायचं होतं ते तिने पिल्लासाठी बघितलं नव्हतं. आपली मुलगी म्हणून नव्हे, पण असं माणूस आपण पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन वेळा चष्मा पुसला.

मग त्यांनी ‘माझ्या समक्ष’ हे दोन शब्द एका सरळ रेघेने खोडले, वर आपल्या वळणदार अक्षरात ‘माझ्या मुलीच्या शब्दावरून’ असं लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घालून सही केली. कागद हवालदारांनी मागितला, पण निरीक्षकांनी तो आधी लेकीला वाचायला दिला.